उपकरण-नियंत्रणाची आज्ञाभाषा

विद्युत् दाबमापक, कंप्रता गणक, संकेत जनित्र, ऑसिलोस्कोप यांसारख्या इलेक्ट्रॉनीय उपकरणांना संगणकाकडून संदेशाद्वारे काम सांगण्यासाठी व त्यांनी केलेल्या मापनाचे उत्तर परत मिळविण्यासाठी जे शब्द, विरामचिन्हे आणि रचनेचे नियम ठरविण्यात आले आहेत, त्यांच्या संचाला उपकरण-नियंत्रणाची आज्ञाभाषा म्हणतात. बेसिक, सी, पायथन यांसारख्या संगणक भाषांहून ही भाषा वेगळी आहे. संगणकातील आज्ञावली कोणत्याही भाषेत लिहिलेली असली, तरी तिने उपकरणाकडे धाडावयाचा मजकूर मात्र उपकरणाला समजणाऱ्या याच भाषेत असावा लागतो. या भाषेचा आजचा सर्वमान्य अवतार ‘स्टँडर्ड कमांड्स फॉर प्रोग्रॅमेबल इन्स्ट्रुमेंट्स’ या नावाने ओळखला जातो व आद्याक्षरांवरून त्याला ‘स्कपी’ असे संक्षिप्त नाव पडले आहे. या भाषेतील आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहितात. प्रस्तुत नोंदीत त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

मापनात भाषेचे नियम काटेकोर असण्याला विशेष महत्त्व आहे. माणूस उपकरणासमोर बसून मापन करीत असताना चुकीचे बटण दाबले गेले, तर तबकडीकडे पाहून ती चूक त्याच्या ध्यानात येते. संगणक मात्र आलेला आकडा खरा मानून पुढे जातो. आज्ञेचा अर्थ उपकरणाने निराळा लावला, तर उत्तर येते, ते दिसायला व्यवस्थितही असते. पण ते भलत्याच राशीचे असते. विमानातील रेडिओसंचाची चाचणी किंवा मापकांचे अंशशोधन अशा कामांत ही चूक महागात पडू शकते. आज्ञाभाषेच्या इतिहासाकडे अशा अबोल चुका टाळण्याच्या प्रयत्नांचा इतिहास म्हणून पाहता येते.

पूर्वपीठिका : १९६० नंतरच्या दशकात अंकीय दर्शक असलेली मापके प्रचारात आली आणि त्यांचे वाचन यंत्राने नोंदविण्याची सोय झाली. प्रारंभी प्रत्येक उपकरणासाठी स्वतंत्र केबल व स्वतंत्र जोडणी-मंडल वापरीत. प्रत्येक दशमान अंकासाठी चार तारा याप्रमाणे वाचन बाहेर येई आणि पल्ला किंवा कार्य बदलण्यासाठी ठराविक तारा एकमेकींना जोडाव्या लागत. ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९६६ मध्ये बाजारात आणलेला २११६-ए हा तिचा पहिला संगणक मुख्यतः उपकरणांच्या नियंत्रणासाठीच बनविलेला होता. त्यालाही प्रत्येक उपकरणासाठी निराळे जोडणी-कार्ड बसवावे लागे. या पद्धतीत भाषा अशी नव्हतीच. कोणत्या तारेवर काय करावयाचे, एवढाच करार होता आणि तो दर उपकरणागणिक बदलत असे.

याच काळात विमान वाहतूक क्षेत्रात निराळ्या दिशेने विचार चालू होता. विमानातील इलेक्ट्रॉनीय सामग्रीच्या चाचण्या लिहून ठेवण्यासाठी ‘ॲटलास’ ही भाषा तयार करण्यात आली. तीत कोणते उपकरण वापरावे हे सांगण्याऐवजी कोणता संकेत द्यावा व कोणता मोजावा, हे सांगितले जाई. ही कल्पना पुढे आज्ञाभाषेच्या मुळाशी आली.

सामाईक जोडणी : ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या अभियंत्यांनी अनेक उपकरणे एकाच केबलवर जोडता येतील अशी योजना आखली. कंपनीने तिला ‘एचपी इंटरफेस बस’ हे नाव दिले. इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स एंजिनिअर्स (आयईईई) या संस्थेने १९७५ मध्ये ती ४८८ क्रमांकाचे मानक म्हणून स्वीकारली व १९७८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाचे ६२५ क्रमांकाचे मानकही याच धर्तीचे असून त्यात जोडणीचा खटका तेवढा निराळा होता.

या योजनेत १६ संकेत-तारा असतात. त्यांपैकी ८ तारांवरून एका वेळी एक अक्षर जाते, ३ तारा अक्षर पोहोचल्याची खातरजमा करतात आणि उरलेल्या ५ तारा व्यवस्थेसाठी असतात. जोडलेल्या घटकांचे वक्ता, श्रोता व नियंत्रक असे तीन प्रकार कल्पिलेले आहेत. सर्व श्रोत्यांनी अक्षर घेतल्याशिवाय वक्ता पुढचे अक्षर पाठवू शकत नाही. त्यामुळे सर्वांत मंद उपकरणाच्या गतीने संभाषण चालते, पण अक्षर गहाळ होत नाही. एका केबलसमूहावर नियंत्रकासह १५ घटक जोडता येतात व केबलची एकूण लांबी २० मी. पर्यंत असू शकते.

४८८ च्या मानकाने अक्षर कसे पोहोचवावे हे ठरविले. अक्षरांचा अर्थ मात्र ठरविला नाही. व्यवस्थेच्या तारांपैकी ‘अवधान’ ही तार कार्यान्वित असताना पाठविलेले अक्षर पत्ता किंवा व्यवस्थापकीय सूचना मानले जाई. ती निष्क्रिय असतानाचा सर्व मजकूर ‘उपकरणावलंबी’ ठरवून उत्पादकांवर सोपविण्यात आला होता.

बोलींचा गोंधळ : याचा परिणाम असा झाला की, सर्व उपकरणे एकाच तारेला जोडली गेली, पण प्रत्येक उत्पादकाची आणि पुष्कळदा एकाच उत्पादकाच्या प्रत्येक उपकरणाची बोली निराळी राहिली. उपकरणातील स्मृती तेव्हा महाग असल्याने आज्ञा एक अक्षर व एक अंक इतक्या आखूड असत आणि समोरच्या पट्टीवरील बटणांशी त्यांची सांगड घातलेली असे. उदा., ह्यूलेट-पॅकार्डच्या ३४७८-ए या मल्टिमीटरला ‘एफ १’ ही आज्ञा दिल्यास ते एकदिश (एकाच दिशेत वाहणाऱ्या प्रवाहाचा) विद्युत् दाब मोजते. कीथली कंपनीच्या १९६ या मल्टिमीटरला तीच आज्ञा दिल्यास ते प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचा) विद्युत् दाब मोजते. एकदिश दाबासाठी तेथे ‘एफ ०’ लिहावे लागते. शिवाय कीथलीच्या उपकरणात ओळीच्या शेवटी ‘एक्स’ हे अक्षर आल्यावाचून आज्ञेची अंमलबजावणीच होत नाही. एका मापकाच्या जागी दुसरे बसविताना आज्ञावली नजरचुकीने तशीच राहिली, तर काय घडेल याची यावरून कल्पना येते.

संदेश कोठे संपला याविषयीही एकवाक्यता नव्हती. काही उपकरणे ओळ-बदलाचे चिन्ह, काही त्याआधी परत-चिन्ह, तर काही शेवटच्या अक्षराबरोबर उचलली जाणारी ‘समाप्ती’ ही स्वतंत्र तार अपेक्षित धरीत. श्रोता शेवटाची वाट पाहत राही आणि संपूर्ण यंत्रणा खोळंबे. उपकरणाची अवस्था सांगणाऱ्या आठ बिटांच्या स्थिति-अक्षरातील केवळ एका बिटाचा, म्हणजे सेवेची विनंती करणाऱ्या बिटाचा, अर्थ मानकाने ठरविला होता. बाकीचे सात उत्पादकाच्या मर्जीवर होते. आयईईईने १९८२ मध्ये ७२८ क्रमांकाची शिफारस प्रसिद्ध करून अंक व मजकूर कसे लिहावेत याचे संकेत सुचविले. टेक्ट्रॉनिक्स कंपनीनेही आपल्या उपकरणांसाठी ‘कोड्स अँड फॉरमॅट्स’ नावाची नियमावली केली होती. परंतु शिफारस ही शिफारसच राहिली.

व्याकरणाचे मानक : हा प्रश्न १९८७ मध्ये दोन भागांत सोडविण्यात आला. तारांचे जुने मानक ४८८·१ झाले आणि संदेशांच्या रचनेसाठी ४८८·२ हे नवे मानक करण्यात आले. नव्या मानकाचे सूत्र थोडक्यात असे सांगता येईल : उपकरणाने ऐकताना उदार असावे व बोलताना काटेकोर असावे. दहा हजार ही संख्या संगणकाने ‘१००००’, ‘१००००·०’ किंवा ‘१ई४’ अशी कशीही लिहिली, तरी उपकरणाने ती समजून घ्यावी. अक्षरे मोठ्या लिपीत आहेत की लहान, याकडे पाहू नये. शब्दांमधील जादा मोकळी जागा सोडून द्यावी. उत्तर देताना मात्र पूर्णांक, दशांश किंवा घातांकयुक्त यांपैकी आधी जाहीर केलेल्या एकाच रूपात आकडा लिहावा. संदेशाच्या शेवटी ओळ-बदलाचे चिन्ह, समाप्तीची तार किंवा दोन्ही यांपैकी काहीही आले, तरी उपकरणाला ते चालले पाहिजे. उत्तराच्या शेवटी मात्र त्याने दोन्ही द्यावयाचे असतात. आज्ञा लिहिणारे हात अनेक आणि निरनिराळ्या सवयींचे असतात, तर उत्तर वाचणारी आज्ञावली ताठर असते. हे ध्यानात घेऊन जुळवून घेण्याचा भार यंत्रावर टाकण्यात आला.

प्रश्नार्थक आज्ञेच्या शीर्षाला प्रश्नचिन्ह जोडण्याचा नियमही या मानकाने पक्का केला. त्यामुळे कोणत्या संदेशाला उत्तर येणार व कोणत्या नाही, हे संदेश पाहूनच कळते. संभाषणाची शिस्तही ठरविण्यात आली. प्रश्न विचारून उत्तर न वाचताच संगणकाने नवा संदेश पाठविला, तर जुने उत्तर रद्द होते व ‘खंडित प्रश्ना’ची चूक नोंदली जाते. प्रश्न न विचारताच उत्तर मागितले, तर ‘अपूर्ण प्रश्ना’ची चूक होते. पूर्वी अशा वेळी मागच्या मापनाचे शिळे उत्तर नव्या मापनाचे म्हणून वाचले जाण्याचा संभव असे.

प्रत्येक उपकरणाला समजल्याच पाहिजेत अशा १३ सामाईक आज्ञा ४८८·२ ने सांगितल्या. त्यांच्या आरंभी तारकाचिन्ह असते. ‘*आयडीएन?’ या प्रश्नाला उपकरण आपला उत्पादक, प्रतिमान (मॉडेल), अनुक्रमांक व अंतर्गत आज्ञावलीची आवृत्ती अशी चार पदे स्वल्पविरामांनी विलग करून सांगते. त्यामुळे भलत्याच उपकरणाला आज्ञा देण्यापूर्वी ओळख पटविता येते. ‘*आरएसटी’ ने उपकरण ज्ञात प्रारंभस्थितीत येते, ‘*टीएसटी?’ ने ते स्वतःची तपासणी करते, तर ‘*सीएलएस’ ने जुन्या चुकांच्या नोंदी पुसल्या जातात. ‘*ओपीसी?’ या प्रश्नाला हाती असलेले काम पुरे झाल्यावरच ‘१’ हे उत्तर मिळते. संकेत स्थिरावण्यास वेळ लागतो अशा ठिकाणी ठोकळमानाने काही सेकंद थांबण्याची जुनी रीत यामुळे अनावश्यक झाली. चुकांचेही वर्गीकरण झाले : आज्ञेच्या रचनेतील चूक, अंमलबजावणीतील चूक, उपकरणाची स्वतःची चूक व प्रश्नोत्तरातील चूक यांना स्थितिदर्शक रजिस्टरात वेगवेगळे बिट मिळाले.

स्कपीची रचना : व्याकरण ठरले, तरी सामाईक आज्ञा सोडल्यास शब्दसंग्रह उत्पादकांचाच राहिला होता. ही उणीव भरून काढण्यासाठी ह्यूलेट-पॅकार्ड, टेक्ट्रॉनिक्स, फ्ल्यूक, कीथली इ. उत्पादकांनी एकत्र येऊन १९९० मध्ये स्कपी जाहीर केली. तिचा पाया ह्यूलेट-पॅकार्डने आधी तयार केलेल्या चाचणी व मापन भाषेचा होता. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी आपापल्या बोली बाजूला ठेवण्यामागे ग्राहकांची निकड होती. चाचणी-यंत्रणा दीर्घकाळ वापरल्या जातात, त्यांतील उपकरणे त्याआधी निकामी होतात किंवा त्यांचे उत्पादन बंद पडते आणि बदली उपकरणासाठी आज्ञावली पुन्हा लिहून तपासण्याचा खर्च पुष्कळदा उपकरणाच्या किंमतीपेक्षा जड जातो.

स्कपीतील आज्ञा वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे मांडलेल्या असतात. मूळ शब्दापासून निघून प्रत्येक पायरीला अपूर्णविराम देत इष्ट आज्ञेपर्यंत जावयाचे असते. उदा., ‘मेझर:व्होल्टेज:डीसी?’ म्हणजे एकदिश विद्युत् दाब मोजून सांगणे. शीर्षानंतर जागा सोडून प्राचल लिहितात व अनेक प्राचले असल्यास स्वल्पविरामांनी वेगळी करतात. प्रत्येक शब्दाचे एक दीर्घ व एक ऱ्हस्व रूप असते. ऱ्हस्व रूप सामान्यतः रोमन शब्दाच्या पहिल्या चार अक्षरांचे असते. पण चौथे अक्षर स्वर असल्यास तीनच अक्षरे घेतात. त्यामुळे ‘व्होल्टेज’ चे ऱ्हस्व रूप व्ही-ओ-एल-टी असे चार अक्षरांचे, तर ‘पॉवर’ चे पी-ओ-डब्ल्यू असे तीन अक्षरांचे होते. या दोन रूपांमधील कोणताही अर्धवट तुकडा मान्य नाही. ऐकण्यातील औदार्याला येथे मुद्दाम मर्यादा घातलेली आहे. अन्यथा भविष्यात नवा शब्द आल्यावर जुन्या आज्ञेचा अर्थ संदिग्ध झाला असता.

एका ओळीत अनेक आज्ञा द्यावयाच्या असल्यास त्यांच्यात अर्धविराम घालतात आणि येथेच नवशिक्याची चूक होण्याचा संभव जास्त असतो. अर्धविरामानंतरची आज्ञा आधीच्या आज्ञेच्याच फांदीवरून वाचली जाते. ‘सेन्स:व्होल्टेज:डीसी:रेंज १०;रिझोल्यूशन ०·००१’ या ओळीतील दुसरा शब्द एकदिश दाबाच्याच शाखेतील विभेदनक्षमता ठरवितो; मधला मार्ग पुन्हा लिहावा लागत नाही. परंतु पुढील आज्ञा दुसऱ्या शाखेतील, उदा., ‘ट्रिगर’ या शाखेतील असेल, तर तिच्या आधी अपूर्णविराम देऊन मुळापाशी परत यावे लागते. तो विसरल्यास उपकरण ‘ट्रिगर’ हा शब्द दाबाच्या शाखेत शोधते, तो तेथे सापडत नाही आणि ‘अज्ञात शीर्ष’ ही उणे ११३ क्रमांकाची चूक नोंदली जाते. तारकाचिन्हाच्या सामाईक आज्ञा मध्ये आल्या, तरी हा मार्ग बदलत नाही.

अक्षरे लहान की मोठी हा भेद नसल्याने एककांबाबत एक अडचण उद्‌भवली. शास्त्रीय लेखनात लहान ‘एम’ हा सहस्रांशाचा (मिलि) व मोठा ‘एम’ हा दशलक्षाचा (मेगा) निदर्शक असतो. आज्ञाभाषेत एकट्या ‘एम’ चा अर्थ सहस्रांश असा ठरविला व दशलक्षासाठी ‘एमए’ ही अक्षरजोडी दिली. मात्र कंप्रतेचे एकक हर्ट्‌झ आणि रोधाचे एकक ओहम यांच्या आधीचा ‘एम’ दशलक्षाचाच समजावयाचा असतो, कारण व्यवहारात मेगॅहर्ट्‌झ व मेगोहम याच एककांची सर्वांना सवय होती. नियमापेक्षा रूढीला मान देण्याचे हे उदाहरण लक्षणीय आहे.

मापन करता आले नाही, तर उत्तर काय द्यावे हेही ठरलेले आहे. अनंत मोठ्या राशीसाठी ९·९ × १०^३७ व ‘संख्याच नाही’ या अवस्थेसाठी ९·९१ × १०^३७ हे आकडे राखून ठेवले आहेत. उत्तराचा साचा न मोडता मापन फसल्याचे त्यामुळे कळते. अर्थात आज्ञावलीने ते तपासले तरच त्याचा उपयोग. झालेल्या चुका उपकरण रांगेत साठविते व ‘सिस्टिम:एरर?’ असे विचारल्यावर जुन्यापासून एकेक सांगते. रांग रिकामी असल्यास ‘०’ हे उत्तर येते. रांग भरून वाहू लागल्यास शेवटच्या जागी ‘रांग ओसंडली’ अशी नोंद होते.

स्कपीच्या रचनेमागील मुख्य विचार असा की, आज्ञा उपकरणाच्या बटणांना उद्देशून नसून संकेताला उद्देशून असावी. कंप्रता गणक व ऑसिलोस्कोप यांची अंतर्रचना सर्वस्वी भिन्न असली, तरी दोघांनाही कंप्रता विचारता येते व प्रश्नाचे शब्द तेच राहू शकतात. ‘मेझर’ ही आज्ञा उपकरणाला स्वतःच योग्य मांडणी निवडू देते. तर ‘कॉन्फिगर’, ‘इनिशिएट’ व ‘फेच?’ या आज्ञांनी तेच काम पायऱ्यापायऱ्यांनी व अधिक ताबा ठेवून करता येते. पहिली पद्धत बदली उपकरणाला सोयीची, तर दुसरी वेग व अचूकता यांना पोषक असते.

पुढील वाटचाल : १९९० नंतर तारा बदलत गेल्या, पण भाषा टिकून राहिली. २००३ मध्ये यूएसबी जोडणीसाठी चाचणी व मापन उपकरणांचा स्वतंत्र वर्ग निश्चित झाला व त्यात ४८८·२ च्या संदेशांची सोय ठेवण्यात आली. संगणक जालावरून (नेटवर्कवरून) उपकरणे जोडण्याचे ‘एलएक्सआय’ हे मानक २००५ मध्ये आले. साध्या जालजोडणीत समाप्तीची स्वतंत्र तार नसते. तेथे ओळ-बदलाचे चिन्ह हेच संदेशाचा शेवट सांगते. ४८८·२ ने दोन्ही खुणा आधीच मान्य केल्या असल्याने हे स्थित्यंतर सुलभ झाले. ४८८ ची दोन्ही मानके २००४ मध्ये ६०४८८ या क्रमांकाखाली आंतरराष्ट्रीय झाली. स्कपीची अखेरची आवृत्ती १९९९ ची असून तिची देखभाल करणारी संघटना पुढे आयव्हीआय फाउंडेशन या संस्थेत विलीन झाली.

मर्यादा : शब्द समान असले, तरी दोन उत्पादकांच्या उपकरणांची प्रारंभस्थिती, मापनाचा वेळ व अचूकता समान असतेच असे नाही; त्यामुळे उपकरण बदलल्यावर आज्ञावली चालली, तरी निकालांची पुन्हा तपासणी करणे आवश्यक असते. १९९९ नंतर आलेल्या अनेक नव्या मापनप्रकारांसाठी उत्पादकांनी आपापले शब्द योजले आहेत व तेवढ्यापुरता बोलींचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे. दुसरी मर्यादा सुरक्षिततेची आहे. एका खोलीतील २० मी. केबलसाठी कल्पिलेल्या या संभाषणात आज्ञा देणारा कोण आहे, हे पडताळण्याची सक्तीची तरतूद नव्हती. उपकरण जालावर आल्यानंतर जो कोणी तेथवर पोहोचेल त्याची आज्ञा ते मानू शकते. २०२० मधील ‘हायस्लिप’ या संदेशवहन-पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत ओळख पडताळणी व सांकेतिकीकरण यांची सोय करण्यात आली. ही भर वाहतुकीच्या थरात पडलेली असून तिच्यासाठी आज्ञाभाषेचे व्याकरण बदलावे लागलेले नाही.